तरंगत्या पवनचक्क्यांचं गणित पाण्यात कसं उतरलं

समुद्राच्या तळात खांब रोवून उभी केलेली पवनचक्की साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंतच परवडते. त्याहून खोल पाण्यात तिला तरंगता पाया द्यावा लागतो आणि तो साखळ्यांनी तळाशी बांधावा लागतो. ही कल्पना मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील विल्यम हेरोनेमस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. पूर्ण आकाराची चक्की तरंगायला मात्र २००९ साल उजाडलं. नॉर्वेच्या किनाऱ्यापासून दूर उभी राहिलेली ती २.३ मेगावॉटची ‘हायविंड’.

तेल-उद्योगाकडे तरंगत्या रचनांचं गणित होतं आणि पवनचक्क्यांवाल्यांकडे पात्यांचं. दोन्ही एकत्र सोडवायची वेळ आली, तेव्हा खरी अडचण समोर आली. वारा ठराविक वेगापलीकडे गेला की नियंत्रक पाती वळवून वीज स्थिर ठेवतो. त्यामुळे वारा वाढला तरी चक्कीवरचा रेटा घटतो. जमिनीवर याने काही बिघडत नाही. तरंगती चक्की मात्र वाऱ्याकडे झुकली की तिच्या पात्यांना वारा अधिक वेगाने भिडतो, नियंत्रक रेटा कमी करतो आणि तिला मागे लोटणारं बळच ओसरतं. डोलणं शमण्याऐवजी वाढत जातं. हवा, पाणी, साखळ्या आणि नियंत्रक एकाच गणितात घेतल्याशिवाय हा धोका दिसतच नाही.

अशी एकत्रित सॉफ्टवेअर तयार झाली. अमेरिकेतील एनआरईएल या राष्ट्रीय ऊर्जा प्रयोगशाळेचं ‘फास्ट’ हे त्यांपैकी सर्वांत परिचित. पण त्यांच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली २००५ मध्ये ‘ओसी-३’ हा प्रकल्प सुरू झाला. अनेक देशांतल्या गटांनी ५ मेगावॉटची एकच काल्पनिक चक्की आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून उत्तरं ताडून पाहिली. पुढे ‘ओसी-४’ मध्येही हीच रीत राहिली. यातून चुका सापडल्या, गृहीतकांमधले फरक उघड झाले. तरी माझ्या मते ही अर्धीच परीक्षा होती, कारण सगळ्यांचं गृहीतक एकच असेल तर सगळे मिळून चुकू शकतात.

म्हणून पाण्याकडे वळणं भाग होतं. नेदरलँड्समधील ‘मारिन’ या सागरी संशोधन संस्थेच्या टाकीत २०११ मध्ये १:५० प्रमाणातल्या तरंगत्या चक्क्यांवर चाचण्या झाल्या. लाटांचं प्रमाण राखायचं तर फ्रूड क्रमांक (गती आणि गुरुत्वाकर्षण यांचं गुणोत्तर) जुळवावा लागतो, पण मग रेनॉल्ड्स क्रमांक (गती आणि हवेचा चिकटपणा यांचं गुणोत्तर) साडेतीनशे पटींनी घसरतो. हुबेहूब लहान केलेल्या पात्यांना अपेक्षित रेटाच मिळेना, म्हणून टाकीतला वारा वाढवावा लागला. २०१३ मध्ये कमी रेनॉल्ड्स क्रमांकासाठी मुद्दाम बेतलेली पाती लावून चाचण्या पुन्हा घेतल्या गेल्या. ही नवी मोजमापं ‘ओसी-५’ प्रकल्पाचा आधार ठरली.

तिथला निकाल खडबडून जागं करणारा होता. सॉफ्टवेअरनी कमाल भार आणि थकव्याचे भार (पुन्हा पुन्हा बसून धातू कमकुवत करणारे) सरासरी सुमारे २० टक्के कमी सांगितले होते. साखळ्या आणि मनोऱ्याचं आयुष्य ज्या आकड्यांवर ठरतं, तेच हे आकडे.

चूक नेमकी कुठे, हे संपूर्ण चक्कीकडे पाहून कळत नव्हतं. २०१९ पासूनच्या ‘ओसी-६’ मध्ये म्हणून प्रश्नाचे तुकडे केले गेले. पाया जखडून त्यावर लाटा सोडल्या आणि त्यांचं बळ वेगळं मोजलं. बोट रोखलं गेलं ते मंद बलांकडे. जवळजवळ सारख्या वारंवारतेच्या दोन लाटा एकत्र आल्या की एक संथ ढकल निर्माण होते. पायाच्या पुढे-मागे सरकण्याचा नैसर्गिक आवर्तकाल १०० सेकंदांहून अधिक असू शकतो, त्यामुळे ती ढकल त्याला बरोबर सापडते. सॉफ्टवेअर तिला कमी लेखत होती. नंतरच्या एका टप्प्यात मिलानच्या वातबोगद्यात डोलत्या रोटरवरच्या (पात्यांच्या फिरत्या चक्रावरच्या) हवेचीही अशीच स्वतंत्र तपासणी झाली.

पाण्याच्या अवरोधाचा गुणांक थोडा बदलला की एखाद्या चाचणीचा आलेख सहज जुळतो, आणि हा मोह मोठा आहे. तो गुणांक न बदलता वेगळ्या लाटांमध्ये आणि वेगळ्या वाऱ्यात उत्तर जुळलं, तरच ते सॉफ्टवेअर पुढच्या, न बांधलेल्या चक्कीसाठी वापरावं.