‘शुभ’ आलं म्हणजे काम फत्ते?

यी चिंग या कौल लावण्याच्या प्राचीन चिनी ग्रंथाबद्दल एक समज फार पक्का आहे: तीन नाणी सहा वेळा उडवायची, दर वेळी एक रेघ, अशा सहा रेघांच्या 64 आकृत्यांपैकी जी येईल तिच्याखाली ‘शुभ’ असेल तर होकार, ‘अशुभ’ असेल तर नकार. चीनमधल्या जुन्या नोंदी वेगळंच सांगतात.

इ.स.पू. 530. लू राज्यातला नान ख्वाय आपल्या धन्याविरुद्ध बंडाच्या तयारीत होता. त्याने कौल लावला (तेव्हा नाणी नव्हेत, वनस्पतीच्या काड्या मोजत), तर दुसऱ्या आकृतीतली पाचवी रेघ आली: ‘पिवळं वस्त्र, अतिशय शुभ’. गडी खूश! बेत लपवून त्याने हा कौल लूमधल्याच त्सफू ह्वीपो या सरदाराला दाखवला. ह्वीपो म्हणाला, काम निष्ठेचं असेल तर ठीक, नाहीतर आपटशील. शिवाय असल्या धोक्याच्या गोष्टी या ग्रंथाला विचारायच्याच नसतात. बंड फसलं, नान ख्वायला छी राज्यात पळावं लागलं.

म्हणजे ‘शुभ’ला अट होती, आणि ती विचारणाऱ्याच्या वागण्यात होती. मनासारखं येईपर्यंत तोच प्रश्न विचारत बसणाऱ्यांना तर चौथ्या आकृतीत चक्क फटकारलंय: पहिल्यांदा सांगतो; दोनदा-तीनदा विचारणं हा अनादर, मग सांगत नाही.