खारी हवा, गरम तेल आणि इंजिनाची प्रकृती

गोव्यात दाबोळीला आपण उतरतो ती धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा तळाची. मिग-29के, पी-8आय आणि डॉर्निअर ही नौदलाची विमानं इथून उडतात. त्यातलं पी-8आय बोइंग 737 वर बेतलेलं, म्हणजे त्याच्या इंजिनाच्या घराण्याशी आपली प्रवासी म्हणून ओळख असतेच.

पण पाणबुड्या शोधायला समुद्रावरून खाली उडणारं इंजिन मीठ खातं. वास्को, बोगमाळोत खिडकीचे गज ज्या हवेने गंजतात, तीच हवा कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या भागाच्या, पात्यांवर क्षारांचा थर चढवते. मग तेवढ्याच जोरासाठी जास्त इंधन जाळावं लागतं आणि बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान चढतं. क्षारमुक्त पाण्याने कॉम्प्रेसर धुतला की ते बहुधा उतरतं. उतरलं नाही, तर बोरोस्कोप, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी, आत घालून पाहायचं. मिठातलं सोडियम आणि इंधनातलं गंधक मिळून सोडियम सल्फेट तयार होतं. ते साधारण 700 ते 950 अंश सेल्सिअसला गरम वायूने फिरणाऱ्या टर्बाइनची पाती पोखरतं.

बेअरिंग आणि गिअरची झीज मात्र तापमानात लवकर दिसत नाही, ती तेलात दिसते. इंजिन बंद झाल्यावर, कण खाली बसायच्या आत, गरम तेलाचं सॅम्पल घ्यायचं. स्पेक्ट्रोमीटरमध्ये ग्रॅफाइटची चकती त्या तेलात फिरते, ठिणगी पडते आणि प्रत्येक धातू आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देतो. लोह वाढलं तर बेअरिंग-गिअरवर संशय, चांदी दिसली तर बेअरिंगच्या गोळ्यांना जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्यावरच्या मुलाम्यावर. सिलिकॉन असेल तर बहुतेक वेळा धूळ. ही तपासणी 1940च्या दशकात अमेरिकी रेल्वेने डिझेल इंजिनांसाठी सुरू केली. विमानांकडे ती पुढच्या दशकात आली, तीही अमेरिकी नौदलामार्फत.

तिची एक गोची आहे. साधारण 10 मायक्रॉनहून मोठे कण त्या ठिणगीत नीट जळत नाहीत, आणि बेअरिंगचे पोपडे निघू लागले की पडतात ते नेमके मोठे तुकडे. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ आणि बेअरिंग जायच्या बेतात, असंही होऊ शकतं. म्हणून तेलाच्या वाटेवर धातूचे तुकडे पकडणारा चुंबकी चिप डिटेक्टर असतो. तो काढून त्यावर काय चिकटलंय ते डोळ्यांनी पाहावंच लागतं.

माझ्या मते या सगळ्यात महागड्या यंत्राहून नोंदवही महत्त्वाची. एका आकड्यावरून काही कळत नाही, तो कसा चढत गेला ते बघायचं असतं. नवं तेल घातलं की धातूचं प्रमाण आपोआप घसरतं. टॉप-अपची नोंद नसेल, तर झीज थांबली असंच वाटेल. इंजिन एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवलं, तर त्याच्या तेलाचा इतिहास इंजिनाच्या नंबरामागे जायला हवा. तो जुन्या विमानाच्या फायलीत राहिला की नव्या जागी त्या इंजिनाचं मागचं काहीच कळत नाही.

आणि लोहाचा आकडा एकदम उसळला, तरी लगेच इंजिन उतरवत नाहीत. आधी दुसरं सॅम्पल मागवतात. कधी कधी बाटलीच अस्वच्छ निघते.