‘सेवानिवृत्त फौजदार’ : फलकावरच्या एका शब्दाची पार्श्वभूमी

पोलीस वसाहतीच्या फाटकावर एका वारलेल्या गृहस्थांच्या श्रद्धांजलीचा फलक होता. त्यावर फोटोखाली ‘सेवानिवृत्त फौजदार’ असं छापलं होतं. तेराव्याच्या पंगतीत त्यांच्याच बॅचचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, ‘सहाय्यक फौजदार म्हणा. दोन स्टार कुठं लागले त्याला? एकच होता.’ मुलाने ते ऐकलं आणि भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे गेला.

गृहस्थ १९७१ साली मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून लागले. तेव्हा शहरातल्या शिपायाला निळा सदरा, निळी अर्धी चड्डी आणि पिवळी टोपी असे. २००८ साली अठ्ठावन्न पुरी झाल्यावर ते खाकी फुलपँटमध्ये, खांद्यावर एक स्टार घेऊन बाहेर पडले. मधल्या सदतीस वर्षांत शिपाई, नाईक, हवालदार, सहाय्यक फौजदार एवढ्या पायऱ्या झाल्या. फलकावर चूक झाली हे खरं, पण ती छापणाऱ्याची नाही. फौजदार या शब्दातच गुंता आहे.

मोगलाईतला फौजदार म्हणजे घोडदळ बाळगून मुलूख ताब्यात ठेवणारा अंमलदार. इंग्रजी अमलात शब्दातली फौज गेली आणि गुन्ह्याचं काम तेवढं उरलं. दिवाणी आणि फौजदारी ही जोडी कोर्टात अजून चालते. मुंबई इलाख्यात ठाण्याच्या मुख्याला सरकारी कागदात चीफ कॉन्स्टेबल म्हणत आणि लोक म्हणत फौजदार. मग १९०२-०३ चा पोलीस आयोग आला. ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर असावा आणि तो मुख्यतः शिकलेल्या तरुणांतून थेट भरावा, असं त्याने सुचवलं. शिपायाने सांगकामं करावीत, डोक्याचं काम वरच्याने करावं, अशी त्यामागची समजूत. त्यासाठीची प्रशिक्षण शाळा १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला निघाली आणि १९०९ साली नाशिकला गेली. नाशिकहून येतो तो साहेब आणि ठाण्यात झिजतो तो शिपाई, ही फूट तिथूनची. एका शिडीच्या दोन शिड्या झाल्या आणि त्यांच्यामधलं अंतर कुणी बुजवलं नाही.

आता कागद बघा. ठाण्याच्या डायरीत आणि गुन्ह्याच्या कागदांत हुद्दे आखडून लिहितात : पोशि, पोना, पोहवा, सफौ, पोउपनि. यातला सफौ म्हणजे सहाय्यक फौजदार, एक स्टारवाला. त्याच्या वरचा दोन स्टारचा तो पोलीस उपनिरीक्षक. सहाय्यक फौजदार कागदावर आहे, पण ज्याला त्याने सहाय्य करायचं तो फौजदार कागदावर नाहीच; तो फक्त लोकांच्या तोंडी उरला. लोकांच्या तोंडचे हुद्दे तर कधीच जुळत नाहीत. रस्त्यावर उभा असलेला प्रत्येक जण मामा असतो, शिपायालाही हवालदार म्हणतात, आणि गावाकडे परीक्षा पास झालेला पोरगा ‘फौजदार झाला’ म्हणून पेढे वाटतात. उपनिरीक्षकाच्या निम्म्या जागा लोकसेवा आयोगाच्या थेट परीक्षेतून, पाव खात्यांतर्गत परीक्षेतून आणि उरलेल्या पाव बढतीने भरायच्या, असं प्रमाण आहे. त्या शेवटच्या पावात येण्याची वाट बघत हजारो हवालदार निवृत्त झाले.

गेल्या दशकात या गुंत्यात आणखी एक शब्द आला : श्रेणी पोलीस उपनिरीक्षक. तीस वर्षं सेवा आणि त्यातली तीन वर्षं सहाय्यक फौजदार म्हणून झाली, की हा हुद्दा. बोलताना सगळे ‘ग्रेड पीएसआय’ म्हणतात. खांद्यावर दोन स्टार लागतात, हाताखालचे सलाम करतात, आणि परीक्षेतून आलेला पंचवीस वर्षांचा उपनिरीक्षक त्यांना ‘अहो, काका’ म्हणत तपासाचे कागद पुढे सरकवतो. त्याला दोष देता येत नाही. काकांनी आयुष्यभर बंदोबस्त केला, केस डायरी क्वचितच लिहिली. २०२२ साली सरकारने नाईक हे पदच रद्द केलं. पायरी कमी झाली म्हणजे शिपायाला निवृत्तीआधी उपनिरीक्षक होता येईल, असा हिशेब सांगितला गेला. आमचे गृहस्थ त्याआधीच चौदा वर्षं घरी बसले होते. म्हणून पंगतीतली दुरुस्ती नियमाने बरोबर आहे. तरीही मला ती खटकली, आणि त्याला कारण १९८२ आहे.

त्या वर्षाबद्दल वसाहतीत कुणी मोठ्याने बोलत नसे. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. गिरणीच्या फाटकावर पोलीस उभा आणि समोर त्याचा सख्खा भाऊ, हे लालबाग-परळला नवीन नव्हतं. त्याच वर्षी पोलीसही मागण्या घेऊन उठले. त्यांचं म्हणणं काही क्रांतीचं नव्हतं : ड्युटीला तास असावेत, साहेबाच्या घरची भाजी आणायला शिपाई लावू नये, राहायला धड खोली मिळावी. त्याआधी १९७९ साली पंजाबपासून अनेक राज्यांत पोलीस असेच उठले होते आणि त्यानंतर कर्मचाऱ्यांच्या संघटनांना ठिकठिकाणी मान्यताही मिळाली होती. स्वातंत्र्यदिनाला मुंबईत काळ्या फिती लागल्या. १८ ऑगस्टला उजाडायच्या आत पोलीस संघटनेचे पुढारी अटकेत होते आणि संघटनेची मान्यता काढून घेतली होती. दिवसभर नायगाव, वरळीच्या वसाहतींतून शिपाई रस्त्यावर, त्यांच्यासोबत गिरणी कामगार, जाळपोळ, आणि शेवटी लष्कर.

मान्यता काढण्याचा तो निर्णय बरोबर होता की नव्हता, यावर निवृत्त अधिकारी आणि निवृत्त शिपाई आजही एका बाकावर बसत नाहीत. अधिकारी त्याला बंड म्हणतात, शिपाई संप म्हणतात. कायद्याची बाजू सरकारकडे भक्कम होती. संविधानाच्या कलम ३३ मुळे सशस्त्र आणि सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचे हक्क मर्यादित करता येतात, १९६६ च्या कायद्याने पोलिसाला परवानगीशिवाय संघटनेत जाता येत नाही, आणि कलम ३११ च्या अपवादाने चौकशीशिवाय बडतर्फी करता येते. त्या अपवादावर १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही, दुसऱ्या खात्यांच्या खटल्यांत, सरकारचीच बाजू धरली. शहर जळत असताना सरकारने हातावर हात ठेवून बसावं असं कुणी म्हणणार नाही. पण संघटना मोडताना मागण्यांची यादीही तिच्यासोबत गेली, हे अधिकाऱ्यांच्या आठवणींत कुठे दिसत नाही. त्यानंतर शिपायाच्या वतीने बोलणारं कुणी उरलं नाही. जे मिळालं ते वरून, कृपा म्हणून मिळालं, आणि कृपा पैशापेक्षा हुद्द्यात वाटणं स्वस्त पडतं. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मुंबईत देवनार ठाण्यात सुरू व्हायला २०१६ उजाडलं. तोही एका शिपायाने स्वतः वेळापत्रक आखून साहेबांपुढे ठेवलं म्हणून.

गृहस्थांची त्या ऑगस्टनंतर वेतनवाढ रोखली गेली होती. हे घरात कुणाला माहीत नव्हतं. पत्र्याच्या पेटीत पितळी बक्कल, त्यावरचा नंबर घासून गुळगुळीत झालेला, आणि त्याखाली घडी घातलेला तो आदेश मुलाला दहाव्याच्या आदल्या रात्री सापडला. फलकाचा मजकूर त्याने सकाळी दिला.

त्यांची खोली बीडीडी चाळीतली, १६० चौरस फुटांची. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) बांधलेल्या या चाळींत नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावर मिळून दोन हजारांवर खोल्या पोलिसांकडे होत्या. निवृत्तीनंतर त्या सोडायच्या, असा नियम. सोडून जायचं कुठे, याला उत्तर नव्हतं. पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर फुकट ठरलं, पण पोलिसांच्या खोल्या सेवानिवासस्थानं, म्हणून त्यांना किंमत लागली. आधी ५० लाखांचा आकडा आला, मग २५, आणि ओरड झाल्यावर १५ लाख. शिपाई, हवालदार, निवृत्त, मयताचे वारस सगळे एकाच यादीत आहेत. त्यात हुद्दा बघत नाहीत. १ जानेवारी २०११ च्या आधीपासून राहता का, एवढंच विचारतात.