वनस्पती-अर्काची विषाक्तता चाचणी: अर्ज भरण्याआधी हे ठरवा

सातारा-सांगलीकडून विचारणा येते ती बहुतेक एकाच वाक्यात: "अर्क तयार आहे, टॉक्सिसिटी करायचीय." माझा पहिला प्रश्न असतो, कशात काढलाय? निम्मा निकाल तिथंच लागतो.

विक्रीसाठी आयुर्वेदिक औषधाचा परवाना काढायचा असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधला नियम १५८-बी बघा. पाण्यात काढलेल्या घनाला (अर्क आटवून उरलेल्या घट्ट भागाला) सुरक्षितता अभ्यास लागत नाही. पाणी-अल्कोहोलमधल्या घनालाही ग्रंथोक्त उपयोगासाठी लागत नाही, नवा उपयोग सांगितलात की लागतो. मेथनॉल, हेक्झेन असं काही वापरलं असेल तर मात्र तीव्र, दीर्घकालीन, जनुकीय बदलांची आणि गर्भावरच्या परिणामांची अशा चारही चाचण्या.

दुसरी मेख अनुसूची ई(१) ची, म्हणजे याच नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीची. बचनाग, बिब्बा, धोतरा, कुचला, गुंज, कण्हेर, कळलावी या यादीत आहेत. यातलं काही घातलं असेल तर सुरक्षिततेचा पुरावा मागतातच, "आजी देत होती" हे उत्तर चालत नाही. आणि अर्जात नुसतं 'अर्क' लिहू नका. आयुर्वेदात अर्क म्हणजे रुई, आणि रुईसुद्धा ई(१) मध्येच आहे! 'जलीय घन' किंवा जे असेल ते स्पष्ट लिहा.

कॉलेजातल्या संशोधनाची वाट वेगळी. उंदरांवर चाचणी करायची तर संस्था सीसीएसईए (जुनं नाव सीपीसीएसईए), म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीकडे नोंदलेली हवी आणि फॉर्म बी भरून संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी हवी. प्रयोग उरकून मागाहून घेतलेली मंजुरी म्हणजे कचरा. एवढे प्राणी का, प्राण्याशिवाय का जमत नाही, हे समिती विचारतेच. ओईसीडी ४२३ या तीव्र विषाक्ततेच्या आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धतीत एका टप्प्याला तीनच प्राणी लागतात. आधीची काहीच माहिती नसेल तर किलोला ३०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, वरची मर्यादा साधारण २,००० ची, आणि निरीक्षण १४ दिवस. पहिल्या दिवशी, त्यातही पहिले चार तास, पिंजऱ्यासमोरून हलायचं नाही: केस उभे राहिलेत का, थरथर आहे का, लाळ गळतेय का.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते वनस्पती ओळख प्रमाणपत्रावर. नुसती मुळी किंवा पूड घेऊन गेलात तर वनस्पतिशास्त्र विभाग कशाच्या जोरावर सही करेल? फुलासकट फांदी दाबून वाळवा. कळलावी असेल तर पानाच्या टोकाचं वेटोळं हर्बेरियमच्या (वाळवलेला नमुना चिकटवायच्या) कागदावर दिसलं पाहिजे, ओळखीची खूण तीच. प्रमाणपत्रावर नमुना क्रमांक मागून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथंही ओळख पटवता येते. कास, चांदोलीच्या जंगलातून मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडू नका.

सोबत जोडायचं: गोळा केल्याचं ठिकाण व तारीख, वापरलेला भाग, द्रावक, किती किलोतून किती घन निघाला, आणि जड धातूंचा अहवाल (शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३ पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत इतके भाग). हा अहवाल आणि उंदरांना दिलेला घन एकाच बॅचचा हवा. बॅच क्रमांक जुळला नाही की फाईल परत येते. त्याच बॅचची एक सीलबंद बाटली स्वतःजवळ राखून ठेवा.