ओटी

ओटी (स्त्रीलिंगी) म्हणजे नेसूच्या वस्त्राचा कमरेपुढे दुमडून केलेला झोळ. आणि घराच्या दर्शनी भागातली, जोत्यावरची बसण्याउठण्याची जागाही. दोन्ही अर्थ रोजच्या बोलण्यात एकत्र नांदतात ते मुख्यतः कोकणात. देशावर घरापुढच्या अशा जागेला ओसरी किंवा सोपा म्हणण्याचीच रीत अधिक.

नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. निऱ्या आणि कासोटा होऊनही पदर उरतो. तो पुढे घेऊन दोन्ही टोके कमरेला खोचली की ओटी तयार. काजूबिया वेचायच्या, वालाच्या शेंगा तोडायच्या, तर दोन्ही हात मोकळे राहतात. (बोंडाचा रस लागला तर डाग लुगड्याच्या जन्माला पुरतो.) पैसे मात्र ओटीत नव्हे, कनवटीला. शेला आणि कंबरपट्टाही कमरेचेच, पण ते बांधण्यापुरते किंवा मिरवण्यापुरते. ओटीत काहीतरी घ्यायचे असते.

त्या घेण्याचाच पुढे विधी झाला. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी ही ओटीची नेहमीची सामग्री. बाईने ती हातात न घेता पदर पसरून त्यात घ्यायची. माहेरवाशीण सासरी निघताना, डोहाळजेवणात, नवी सून घरात आल्यावर ओटी भरतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारी आली की देवीचीही भरतात. मालवण तालुक्यात आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत तर ओटी भरण्यासाठी लांबच लांब रांगा लागतात. ओटीचा संबंध ओटीपोटाशी, पर्यायाने गर्भाशयाशी जोडला गेला, म्हणून हा मान सवाष्णीचा ठरला आणि विधवेला वगळले गेले. काही घरांत आता तसे करत नाहीत. पण ही वगळणूक विधीच्या वर्णनात अनेकदा गाळली जाते, ते बरोबर नाही. मूल कोणाच्या स्वाधीन करणे याला ‘ओटीत घालणे’ म्हणतात, तेही इथूनच.

घराची ओटी ओट्याच्या कुळातली. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलायचा, तर जांभ्या दगडाचे जोते उंच हवे. अंगणातून पायऱ्या चढून पडवी, तिथून एखादी पायरी वर ओटी आणि त्यामागे माजघर, ही रत्नागिरीकडच्या जुन्या घरांची नेहमीची मांडणी. ओटीवर झोपाळा, भिंतीला खुंट्या, खाली शेणाने सारवलेली जमीन. आगोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, पावसाच्या बाजूला झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधून ती झाकून घेत. खंडाचे, म्हणजे कुळाने द्यायच्या धान्याचे हिशोब, सोयरिकीची बोलणी, गणपतीतली भजने इथेच होत. परक्या पुरुषाची मजल इथपर्यंत. काही जातींच्या माणसांना तर अंगणातच थांबावे लागे. बाईची ओटी मात्र बहुधा घराच्या ओटीवर भरली जात नाही. ती आत, देवासमोर किंवा माजघरात.

अलीकडे ओट्यांना ग्रील आणि सरकत्या काचा लागल्या, शेणाच्या जागी लादी आली. नव्या घरांच्या नकाशात ‘हॉल’ लिहितात. पाहुण्याला मात्र म्हातारी माणसे अजून ‘ओटीवर बसा’ असेच सांगतात.