पार्श्वभूमी : पुलाचा हेलकावा आणि अणूची ऊर्जा

बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाने २०२२च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा पेपर शाखांनुसार वेगळा केला. सिव्हिलच्या मुलांना दोलने आणि स्थितिस्थापकता, कॉम्प्युटरच्या मुलांना क्वांटम मेकॅनिक्स आणि क्वांटम कॉम्प्युटिंग. ज्याला जे लागेल ते त्याने शिकावे, हे ठीकच. पण त्यातून एक समज घट्ट होतो की पहिला विषय सिमेंट-लोखंडाचा, दुसरा अणूच्या पोटातला आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. खानापूर-निपाणीकडची, दहावीपर्यंत मराठीत शिकून एकदम इंग्रजी पुस्तकांवर आलेली मुले तर सूत्रे पाठ करण्यातच थकून जातात. ही सूत्रे आली कुठून, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. दोन्हीकडच्या आकडेमोडीचे मूळ एकच आहे, आणि तिथे वयाच्या ३१व्या वर्षी क्षयाने गेलेला एक स्विस तरुण उभा आहे : वॉल्टर रिट्झ.

आधी प्रश्न काय होता ते पाहू. गोकाकच्या धबधब्याजवळ घटप्रभेवर सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल आहे. अशा पुलावर माणसे चालू लागली की तो हलतो, पण कसाही हलत नाही. हलण्याचे त्याचे काही ठरलेले आकार असतात आणि प्रत्येक आकाराची स्वतःची लय असते. चालणाऱ्यांच्या पावलांची लय त्यातल्या एखाद्या लयीशी जुळली की हेलकावा वाढत जातो. इंजिनिअर या लयींना नॅचरल फ्रिक्वेन्सी म्हणतात. अणूचेही असेच : त्यातल्या इलेक्ट्रॉनला वाटेल ती ऊर्जा घेता येत नाही, ठरावीक पायऱ्यांवरच्याच ऊर्जा चालतात. पुलाच्या लयी आणि अणूच्या पायऱ्या शोधण्याचे गणित एकाच साच्याचे आहे. अशा ठरलेल्या आकड्यांना आयगेनव्हॅल्यू म्हणतात, आणि या गणिताला आयगेनव्हॅल्यूचा प्रश्न.

या गणिताची सुरुवात झाली ती वाळूपासून. १७८७ मध्ये क्लाडनी या जर्मन संशोधकाने धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेला व्हायोलिनचा गज फिरवला, तेव्हा पत्र्याचा जो भाग स्थिर राहतो तिथे वाळू गोळा होऊन नक्षी उमटली. पॅरिसच्या अकादमीने या नक्षीचे गणित मांडण्यासाठी बक्षीस लावले. १८१६ मध्ये ते सोफी जर्मेन यांना मिळाले. १८५० मध्ये किर्कहॉफ यांनी कडांच्या अटींसह समीकरण नीट मांडले. पण कडा मोकळ्या असलेल्या साध्या चौकोनी पत्र्याचे उत्तर मात्र कोणालाच काढता येईना.

रिट्झ यांनी १९०८-०९ मध्ये वेगळा रस्ता धरला. नेमके उत्तर सापडत नसेल तर काही सोपे आकार घ्यायचे, प्रत्येकाला एक अज्ञात गुणक लावून बेरीज करायची आणि एकूण ऊर्जा कमीत कमी होईल असे गुणक शोधायचे. मूळ अवघड समीकरणाच्या जागी साध्या समीकरणांचा एक संच येतो, आणि तो हाताने सुटतो. सर्वांत खालच्या पातळीसाठी तर पक्की हमी मिळते : अंदाज कितीही ओबडधोबड असो, उत्तर खऱ्या आकड्याच्या खाली जात नाही. आकार वाढवत गेले की ते वरून खाली सरकत खऱ्या आकड्याकडे येते. एकाच आकाराचा अंदाज धरून लय काढण्याची युक्ती लॉर्ड रॅले यांनी १८७७ मध्येच वापरली होती, आणि रिट्झ यांनी तिला नवी म्हटल्याचे आश्चर्य त्यांनी १९११ मध्ये नोंदवले. तोवर उत्तर द्यायला रिट्झ उरले नव्हते.

याच माणसाने १९०८ मध्ये प्रकाशाच्या वर्णरेषांबद्दल (अणूच्या प्रकाशात दिसणाऱ्या ठरावीक रंगांच्या रेषांबद्दल) एक नियम सांगितला होता : अणूतून निघणाऱ्या प्रत्येक रेषेची फ्रिक्वेन्सी ही दोन पदांची वजाबाकी असते. १९२५ मध्ये हायझेनबर्ग यांनी याच नियमाचा धागा पकडून नवे गणित रचले, आणि बॉर्न व योर्डान यांनी ते मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या चौकटींच्या, भाषेत बसवले. पुढच्याच वर्षी श्रोडिंगर यांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच क्वांटीकरण (ऊर्जा ठरावीक पायऱ्यांवरच असणे) हा आयगेनव्हॅल्यूचा प्रश्न असल्याचे म्हटले. हायड्रोजनचे गणित नेमके सुटले, पण हेलियमला दोन इलेक्ट्रॉन आणि तिथेच गाडी अडली. नॉर्वेच्या हिलेरास यांनी १९२९ मध्ये रिट्झ यांचीच पद्धत लावली. दोन इलेक्ट्रॉनांमधले अंतर त्यांनी अंदाजाच्या सूत्रातच घातले, टेबलावरच्या यांत्रिक कॅल्क्युलेटरवर हिशेब केला आणि प्रयोगाशी जुळणारा आकडा काढला. नवे क्वांटम मेकॅनिक्स हायड्रोजनपुरते नाही, हे त्या आकड्याने दाखवून दिले.

इकडे बांधकामाच्या बाजूला रशियन इंजिनिअर गॅलर्किन यांनी १९१५ मध्ये ही पद्धत ऊर्जेच्या अटीतून मोकळी करून दांडे आणि पत्र्यांना लावली. अडचण एकच : अख्ख्या इमारतीला किंवा विमानाच्या पंखाला शोभेल असा अंदाजाचा आकार आणायचा कुठून? १९४३ मध्ये कूरांट यांनी उपाय सुचवला. वस्तूचे छोटे त्रिकोण पाडायचे आणि प्रत्येक त्रिकोणात अगदी साधा अंदाज धरायचा. १९५६ मध्ये बोइंगच्या पंखांसाठी टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी तीच वाट स्वतंत्रपणे काढली. १९६० मध्ये क्लफ यांनी तिला फायनाइट एलिमेंट हे नाव दिले. आज बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंग ओतण्याआधी कॉम्प्युटरवर बघतात की धातू कुठे शेवटी गोठेल आणि रायझर (धातू गोठून आकसताना भर घालणारा साठा) कुठे द्यायचा. तिथेही कास्टिंगचे असेच बारीक तुकडे पाडलेले असतात.

आपल्या भागाशी या पद्धतीचा थेट संबंध आला तो कोयनेमुळे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप बेळगावातही जाणवला. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण टिकून राहिले, पण पायापासून सुमारे ६६ मीटरवर, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे भेगा गेल्या. धरणाचे डिझाइन करताना वजनाच्या ५ टक्के आडवा जोर धरला होता, जणू धरण म्हणजे न हलणारा दगड. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी फायनाइट एलिमेंटने धरणाच्या लयी काढल्या, नोंदवलेला धक्का त्यावर लावला आणि १९७३ मध्ये दाखवले की ताण नेमका त्याच उंचीवर काँक्रीटच्या ताकदीपलीकडे जातो. भेगा जिथे गेल्या तिथेच गणितानेही बोट ठेवले. माझ्या मते आपल्याकडच्या प्रत्येक सिव्हिलच्या वर्गात हे उदाहरण शिकवले पाहिजे. कोयना आजही जगभर धरणांचे सॉफ्टवेअर तपासण्यासाठी वापरतात.

दोन्ही शाखांना जोडणारा आणखी एक माणूस म्हणजे हंगेरीचे कॉर्नेलियस लँक्झोस. १९२८-२९ मध्ये ते बर्लिनला आइन्स्टाइन यांचे सहायक होते, पुढे अमेरिकेत बोइंगमध्येही काम केले. १९५० मध्ये त्यांनी प्रचंड मॅट्रिक्समधून हव्या त्या मोजक्याच आयगेनव्हॅल्यू काढण्याची रीत दिली. अॅन्सिस या सॉफ्टवेअरमध्ये मोडल अॅनालिसिस (वस्तूच्या लयी काढणे) करताना मुले ‘ब्लॉक लँक्झोस’ हा पर्याय निवडतात. अणुकेंद्राच्या आणि चुंबकीय स्पिनच्या (कणांच्या इवल्या चुंबकांच्या) गणितातही याच रीतीवर भिस्त असते.

मात्र इथून पुढे दोघांच्या वाटा फुटतात. पुलाच्या मॉडेलमध्ये नोड (तुकड्यांचे जोडबिंदू) दुप्पट केले तर अज्ञातेही दुप्पटच होतात. क्वांटम प्रश्नात एक स्पिन वाढवला की सगळा पसारा दुप्पट होतो. ५० स्पिनांसाठी २चा ५०वा घात, म्हणजे कोटीला कोटीने गुणून पुन्हा ११ पटींहून जास्त आकडे. एवढी मेमरी आणायची कुठून? कोन आणि शॅम यांनी १९६५ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून हिशेब करण्याची सोय काढली, त्यामुळे पदार्थांचे बरेचसे गणित आवाक्यात आले. जे उरले त्यासाठी क्वांटम नियमांवरच चालणारा क्वांटम कॉम्प्युटर हवा, हा आजचा आग्रह.

त्या कॉम्प्युटरवर २०१४ मध्ये प्रकाशकणांच्या चिपने हेलियम-हायड्राइड या रेणूची ऊर्जा काढली गेली. पद्धतीचे नाव व्हेरिएशनल क्वांटम आयगेनसॉल्व्हर. अंदाजाची अवस्था चिपवर तयार करायची, ऊर्जा मोजायची, साध्या कॉम्प्युटरने गुणक बदलायचे आणि ऊर्जा कमी होत जाईल तसे पुढे जायचे. चाल सगळी रिट्झ यांची. फक्त चिपवरचे मोजमाप मर्यादित वेळाच होते आणि त्यात चूक शिरते, म्हणून मोजलेला आकडा कधी खऱ्या ऊर्जेच्याही खाली उतरतो आणि रिट्झ यांची हमी ढिली पडते. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे कॉम्प्युटिंगचे केंद्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे, आणि ही चूक आटोक्यात आणणे हे त्या क्षेत्रातले आजचे सर्वांत कष्टाचे काम आहे.