शेअरभाव आणि येणारी मंदी : एका पूर्वसूचकाची पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात ऊस पिकवणाऱ्या घरांत ‘शेअर’ म्हटले की अजूनही प्रथम आठवतो तो सहकारी साखर कारखान्याचा शेअर. त्याचे मूल्य दर्शनी किमतीला बांधलेले असते आणि बाजारात त्याचे सौदे होत नाहीत, त्यामुळे येत्या वर्षाविषयी तो काहीच सांगत नाही. पुढचे बोलणारा भाव सांगलीकरांना ठाऊक आहे तो हळदीच्या पेठेतून. मे-जूनमध्ये लावलेली हळद पुढच्या वर्षी जानेवारीनंतर निघते. परंतु लागवड घटल्याची किंवा पाऊस लांबल्याची वार्ता आली, की साठवलेल्या जुन्या मालाचा भाव त्याच आठवड्यात हलू लागतो. शेअरभावांना अर्थव्यवस्थेचा पूर्वसूचक मानण्यामागचे तत्त्व हेच आहे. शेअर घेणारा कंपनीच्या पुढील नफ्याच्या अंदाजावर पैसे लावतो; राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे मात्र तिमाही उलटल्यावर सुमारे दोन महिन्यांनी हाती येतात.

या तत्त्वाला सांख्यिकीचे रूप अमेरिकेत मिळाले. हार्वर्ड विद्यापीठात वॉरेन पर्सन्स यांनी १९१९ मध्ये सट्टा, व्यापार आणि पैसा असे तीन वक्र आखून पहिला वक्र इतरांच्या आधी वळतो असे दाखवले, पण १९२९ नंतरच्या महामंदीची खोली त्या पद्धतीला ओळखता आली नाही. पुढे १९३७ मध्ये पुन्हा मंदी आली, तेव्हा अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाउ यांच्या विनंतीवरून वेस्ली मिचेल आणि आर्थर बर्न्स यांनी शेकडो आकडेमालिका तपासून १९३८ मध्ये विश्वासार्ह निर्देशकांची यादी प्रसिद्ध केली. जेफ्री मूर यांनी १९५० मध्ये निर्देशकांचे आधी वळणारे, सोबत वळणारे आणि मागाहून वळणारे असे तीन वर्ग पाडले आणि शेअरभाव पहिल्या वर्गात बसवले. ही निवड मागील तेजी-मंदीची वळणे पडताळून झालेली होती. भाव आधी का वळावेत याच्या सिद्धांतातून ती आली नव्हती. पुढच्या सर्व वादांचे मूळ मला याच गोष्टीत दिसते.

अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६६ मध्येच थट्टेने लिहिले होते, की बाजाराने गेल्या पाच मंद्यांपैकी नऊ आधी सांगितल्या, म्हणजे चार इशारे खोटे ठरले. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकी शेअरबाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला, तरी मंदी आली नाही. उलट ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकी बाजाराने शिखर गाठले आणि मंदीची सुरुवात डिसेंबर २००७ पासून धरली गेली.

भारतात सेन्सेक्सची, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाची, गणना १९८६ मध्ये सुरू झाली, आणि अवघ्या सहा वर्षांत त्याच्या सूचकतेची कठोर परीक्षा झाली. १९९१-९२ मध्ये देशाची वाढ दीड टक्क्याहूनही कमी असताना एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४००च्या वर गेला. सुधारणांविषयीची आशा त्यात होती हे खरे, पण सरकारी रोख्यांच्या व्यवहारांतून वळवलेला बँकांचा पैसाही त्यात होता, आणि गैरव्यवहार उघड होताच भाव कोसळले. भाव वाढला एवढ्यावरून अंदाज बांधता येत नाही, तो कोणाच्या पैशाने वाढला हे पाहावे लागते, ही गोष्ट त्या वर्षाने फार महागात शिकवली. २०२० मध्ये मात्र बाजार खरोखरच पुढे होता. २३ मार्चला २५,९८१ वर बंद झालेला सेन्सेक्स, एप्रिल-जून तिमाहीत उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज ३१ ऑगस्टला जाहीर झाला तेव्हा ३८,०००च्या वर होता, आणि पुढील वर्षी उत्पादन सावरले.

तरीही सेन्सेक्समध्ये फक्त ३० कंपन्या आहेत, तर देशातील ४० टक्क्यांहून अधिक कामकरी माणसे शेतीवर आहेत. किर्लोस्करवाडीला पंप बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरचा भाव रोज ठरतो, परंतु तो पंप विहिरीवर बसवणाऱ्या तासगावच्या द्राक्षबागायतदाराचे बेदाण्यातले उत्पन्न कोणत्याही शेअर निर्देशांकात थेट उतरत नाही. त्याच्या येत्या वर्षाचा अंदाज घ्यायचा तर पाऊस, पीककर्जाची उचल आणि बेदाण्याचे सौदेच पाहावे लागतात.